हबशी कोटाचा फलक कोणी लिहावा?

बिदर आणि कलबुर्गी, म्हणजे आपल्या बोलण्यातले गुलबर्गा, यांचा इतिहास सांगायला बसले की वास्तूंची नावे भराभर पुढे येतात. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि त्याची राजधानी गुलबर्ग्यात आली. पुढे पंधराव्या शतकात अहमदशाह वलीने राजधानी बिदरला नेली. गुलबर्ग्याचा किल्ला आणि ख्वाजा बंदे नवाजांचा दर्गा, बिदरचा किल्ला, रंगीन महाल, अष्टूरच्या कबरी, १४७२ मध्ये उभा राहिलेला महमूद गवानचा मदरसा अशी ही यादी शाळकरी मुलालाही पाठ असते. बिदर शहराच्या पूर्वेला एक टेकडी आहे. तिला हबशी कोट म्हणतात आणि तिच्यावर हबशी सरदारांच्या कबरी आहेत. यादीत ही टेकडी आलीच तर शेवटी येते. आफ्रिकेतून विकत आणलेली माणसे आणि त्यांची मुले दीर्घकाळ या राज्याच्या फौजेत, महालात, मुदपाकखान्यात आणि दरबारात होती. त्यांच्या नावाची टेकडी शहराला लागून उभी आहे, पण ती माणसे इथवर कशी आली हे शहराच्या गोष्टीत सहसा येत नाही. गुलामीचा हा इतिहास संग्रहालयात, किल्ल्यात, कबरींच्या आवारात मांडायचा झाला तर कसा मांडावा आणि तो मांडण्याचा अधिकार कोणाचा, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्यांचे पूर्वज विकले गेले त्यांना या मांडणीत पाहुणे म्हणून बोलावून भागणार नाही, काय विचारायचे आणि काय दाखवायचे हे ठरवणाऱ्यांत त्यांना बसवले पाहिजे. न्याय म्हणून ते योग्य आहेच. पण त्याशिवाय हा इतिहास खरा आणि पुरा होणार नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

हा प्रश्न जगात सर्वांत जोरात विचारला गेला तो अटलांटिक महासागरापलीकडच्या गुलामगिरीबद्दल. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून अमेरिका खंडांकडे नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे एक कोटी सात लाख जिवंत पोहोचली, बाकीची वाटेत मेली. इंग्लंडच्या संग्रहालयांत ही कथा दीर्घकाळ सांगितली गेली ती गुलामगिरी बंद करणाऱ्या थोर इंग्रजांची कथा म्हणून. विल्यम विल्बरफोर्सचे चित्र, पार्लमेंटचा कायदा, दयाळू राष्ट्र असा तिचा सूर होता. १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली ती मालकांना, राबलेल्या माणसांना एक पेनीही मिळाली नाही. हा तपशील त्या सुरात बसत नव्हता. आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या नागरिकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा मांडणी बदलू लागली. लिव्हरपूलमध्ये १९९४ साली या विषयाचे दालन उघडले आणि २३ ऑगस्ट २००७ रोजी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय. २३ ऑगस्ट हा दिवस १७९१ मध्ये सेंट डोमिंगच्या, म्हणजे आजच्या हैतीच्या, गुलामांनी केलेल्या उठावाची आठवण आहे. संग्रहालयाने उद्घाटनासाठी कायद्याचा दिवस न घेता उठावाचा दिवस घेतला, यातच बदललेली दृष्टी दिसते. त्याच वर्षी लंडनच्या डॉकलँड्स भागात ‘लंडन, साखर आणि गुलामगिरी’ हे दालन सुरू झाले. ते आहे वेस्ट इंडीजच्या साखरेच्या जुन्या गोदामात आणि त्याच्या रचनेत लंडनच्या कृष्णवर्णीय समाजातल्या लोकांचा सल्ला घेतला गेला. अमेरिकेत लुइझियानामध्ये व्हिटनी नावाचा जुना मळा २०१४ च्या अखेरीस संग्रहालय म्हणून उघडला. तिथे मालकाच्या हवेलीपेक्षा मळ्यावर राबलेल्या माणसांची नावे आणि त्यांचे जगणे पुढे ठेवलेले आहे.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकांकडून येतो आणि तो वजनदार आहे. समाजाच्या हाती दालन दिले की पुराव्याची जागा भावना घेते, दुःखाचे प्रदर्शन होते, इतिहास राहत नाही, असे ते म्हणतात. न्यूयॉर्कमधले एक उदाहरण या आक्षेपाला सविस्तर उत्तर देते. १९९१ मध्ये मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना अठराव्या शतकातले आफ्रिकी लोकांचे दफनस्थान सापडले. सांगाडे घाईघाईने काढले जाऊ लागले, तेव्हा शहरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी काम थांबवायला लावले. हे अवशेष आमच्या पूर्वजांचे आहेत, त्यांचा अभ्यास कोण करणार आणि कोणत्या प्रश्नांसाठी करणार हे आम्हाला विचारा, अशी त्यांची मागणी होती. दीर्घ संघर्षानंतर हे काम हॉवर्ड विद्यापीठाकडे, मायकेल ब्लेकी या मानववंशशास्त्रज्ञाकडे गेले. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संशोधनाचे प्रश्न वंशजांशी चर्चा करून ठरवले. ही माणसे कोठून आली, त्यांची शरीरे कशी झिजली, त्यांनी कोणत्या गोष्टी टिकवल्या व बदलल्या, त्यांनी प्रतिकार कसा केला, असे ते प्रश्न होते. नेहमीच्या पद्धतीत हाडांवरून वंश ठरवून अहवाल संपला असता. या प्रश्नांमुळे ४१९ जणांच्या अवशेषांतून मोठे सत्य बाहेर आले. लहान मुलांचे मृत्यू किती होते ते कळले. अतिभाराने वाकलेले मणके आणि ताणाने फाटलेले स्नायूंचे जोड दिसले. दातांना दिलेल्या विशिष्ट आकारांवरून काहींचा जन्म आफ्रिकेतला असावा हे समजले. अमेरिकेच्या उत्तर भागात गुलामगिरी फारशी नव्हती, असली तर सौम्य होती, हा जुना समज त्या हाडांनी मोडला. २००३ मध्ये अवशेष सन्मानाने पुन्हा पुरले गेले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. पुरावा तोच होता, त्याला प्रश्न विचारणारे बदलले. समाजाचा सहभाग आणि शास्त्र एकमेकांच्या आड येतात हे इथे दिसत नाही. उलट सहभागामुळे शास्त्र अधिक खोल गेले असेच दिसते.

आता बिदरकडे येऊ. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला आला. त्याच्याकडे विकायला एक घोडा होता. जुन्नरच्या खानाने तो हिसकावून घेतला होता, पुढे तो परत मिळाला. निकितिन महिनोन् महिने बिदरमध्ये राहिला आणि त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले. सुलतानाची मिरवणूक, हत्ती, सोन्याची झूल, सरदारांचा थाट आणि रयतेचे दारिद्र्य हे सगळे त्याच्या लिखाणात आहे. आळंदच्या उरुसाच्या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात असेही तो सांगतो. हे आळंद म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. बिदरच्या बाजारात काय विकले जाते त्याची यादी देताना घोडे, कापड, रेशीम यांच्या ओळीतच तो काळ्या माणसांच्या विक्रीची नोंद करतो. ही माणसे आफ्रिकी होती की इथलीच, हे त्या नोंदीवरून ठरत नाही, कारण निकितिन इथल्या लोकांनाही काळेच म्हणतो. पण माणूस हा बिदरच्या बाजारातला माल होता, एवढे त्या नोंदीतून निर्विवाद कळते. मदरशाच्या निळ्या-पांढऱ्या फरशांचे वर्णन करणारा फलक आणि या बाजाराची नोंद एकाच शहराच्या, जवळजवळ एकाच दशकातल्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय बहमनी बिदर समजत नाही.

घोडा आणि गुलाम शेजारी शेजारी विकले जात होते त्याचे कारण व्यापाराच्या रचनेत आहे. दख्खनच्या हवामानात लढाईचे उत्तम घोडे पैदा होत नसत. ते अरबस्तान आणि इराणकडून चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत येत आणि घाट चढून वर येत. त्याच समुद्रमार्गाने, मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकाने, हबशाणातून म्हणजे आजच्या इथिओपियातून आणि तिच्या आसपासच्या मुलखातून पकडलेली माणसेही येत. रिचर्ड ईटन यांच्यासारख्या दख्खनच्या अभ्यासकांनी दाखवले आहे की या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला भारतीय कापड होते. हबशाणाला इथले कापड हवे होते, इथल्या सरदारांना तिथले तरुण हवे होते. मुलगा लहानपणी घरापासून तोडायचा, नवे नाव आणि नवा धर्म द्यायचा, शस्त्र चालवायला शिकवायचे. त्याला भाऊबंद नाहीत, वतन नाही, जात नाही, म्हणून तो मालकाशीच इमान राखील, असा हा हिशेब होता. दरबारातल्या गटबाजीत असा शिपाई फार मोलाचा. दालन मांडताना कापडाचा तुकडा, घोड्याचा नाल आणि गुलामाच्या विक्रीची नोंद एकत्र ठेवली, तर आपल्याच विणकरांचे हात, आपलेच घाट आणि आपलीच बंदरे या साखळीत कशी होती ते पाहणाऱ्याला दिसेल. गुलामगिरी दूर कुठे तरी घडली, असे मग म्हणता येणार नाही.

बिदरच्या प्रचलित कथेत हबशी येतात तेव्हा कसे येतात तेही पाहण्यासारखे आहे. महमूद गवान हा इराणातल्या गिलानहून आलेला वजीर. त्याच्या विरोधकांनी कट केला. त्याची मोहोर सांभाळणारा हबशी गुलाम होता. त्याला भुलवून कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली, त्यावर ओरिसाच्या राजाला चिथावणी देणारे खोटे पत्र लिहिले आणि ते सुलतान मुहम्मदशाहापुढे ठेवले. ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानाच्या हुकमाने जौहर नावाच्या हबशी गुलामाने वृद्ध वजिराचे डोके उडवले. इतिहासकार फिरिश्त्याने लिहिलेली ही हकिकत बिदरमध्ये प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते आणि ती हळहळण्यासारखीच आहे. पण त्या हकिकतीत दोन गुलाम आहेत, एक फसलेला मोहोरदार आणि एक तलवार उचलणारा जौहर, आणि दोघांनाही दोष किंवा हत्यार एवढीच जागा आहे. हुकूम मोडणे जौहरच्या हाती होते का? मोहोर सांभाळण्याइतका विश्वास ज्याच्यावर टाकला, त्याला विकत कोणी घेतले होते आणि किती वर्षांचा असताना? कागदपत्रांत याची उत्तरे फार थोडी आहेत, तरीही प्रश्न विचारल्याने गोष्टीचा तोल बदलतो. १४८७ मध्ये दख्खनी आणि हबशी गटांनी सुलतान महमूदशाहाविरुद्ध उठाव केला, तो फसला आणि शहरात कत्तल झाली. त्यानंतर दस्तूर दीनार नावाच्या हबशी सरदाराने गुलबर्ग्याचा मुलूख ताब्यात ठेवला आणि शेवटी विजापूरच्या यूसुफ आदिलशहाशी लढताना तो संपला. दख्खनी, म्हणजे इथेच रुजलेले, आणि आफाकी, म्हणजे नव्याने बाहेरून आलेले, यांच्या झगड्यातले एक पात्र म्हणून हबशांची नोंद पाठ्यपुस्तकांत होते. पण ते कोणत्या वाटेने या झगड्यात ओढले गेले हे त्या नोंदीत नसते.

याच्या उलट टोकाची कथा मलिक अंबरची. १५४८ च्या सुमारास हबशाणात जन्मलेला चापू नावाचा मुलगा विकला गेला, अरबस्तान आणि बगदाद असे हात बदलत अहमदनगरच्या निजामशाहीत चंगेजखान या वजिराकडे आला. चंगेजखान स्वतःही हबशीच. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला आणि पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा बनला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली. जमीनमहसुलाची त्याने घालून दिलेली घडी पुढेही टिकली. १६२६ मध्ये तो वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. मराठी वाचकाला हा माणूस आपला वाटतो, आणि ते बरोबरच आहे. पण केवळ अंबरवर दालन उभारले तर एक धोका आहे. गुलामाचा राजा झाला या कथेत गुलामगिरी ही जणू यशाकडे जाणारी पायरी ठरते. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेत त्याच्याच जातीचे दहा हजार शिपाई असल्याचे लिहिले आहे. त्या दहा हजारांतल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? स्वतः विकला गेलेला माणूस सत्तेवर आल्यावर पुन्हा त्याच बाजारावर विसंबून राहिला असेल, तर हे कटू वास्तवही दालनात असायला हवे. वंशजांच्या सहभागाने उभी राहणारी मांडणी केवळ गौरवाची असेल असे समजण्याचे कारण नाही. लिव्हरपूलमध्ये आफ्रिकेतल्या ज्या राजांनी माणसे पकडून विकली त्यांचा भागही लपवलेला नाही.

दुसरा आक्षेप असा की अटलांटिकची मोजपट्टी इथे लावणेच चूक. हिंदी महासागरातली गुलामगिरी वेगळी होती, इथे गुलाम सरदार झाले, मळ्यावर साखळदंडात राबले नाहीत, वंशाच्या नावाने पिढ्यानपिढ्या गुलाम ठेवण्याचा कायदा इथे नव्हता. यातला बराच भाग खरा आहे, आणि दालनात तो फरक स्पष्टपणे सांगितला पाहिजे. बिदरला लुइझियानाची नक्कल नको. पण फरक मान्य केल्याने अन्याय नाहीसा होत नाही. सरदार झालेले मोजके होते. महालातल्या दासी, खच्ची केलेले खोजे, पाणी भरणारे, तबेल्यात झोपणारे असंख्य होते, आणि त्यांच्या कबरी हबशी कोटावर नाहीत. सौम्य हा शब्द तिथे वापरायचा तर आईपासून तोडलेल्या मुलाच्या वतीने तो कोण वापरणार? आणि गुलामीचा हा काळ बहमनींबरोबर संपला असेही नाही. बिदर आणि गुलबर्गा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. हैदराबादला निजामाच्या पदरी आफ्रिकी वंशाच्या स्वारांचे पथक होते. त्या पथकाच्या नावाची एसी गार्ड्स ही वस्ती आजही हैदराबादेत आहे आणि तिथे त्यांचे वंशज राहतात.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे: बिदरमध्ये हबशी म्हणून ओळखता येईल असा समाजच आज कुठे आहे, मग समाजाने चालवलेले दालन म्हणजे काय? प्रश्न रास्त आहे. पाचशे वर्षांत इथले हबशी दख्खनी मुसलमान समाजात मिसळून गेले. पण कर्नाटकात आफ्रिकी वंशाचा जिवंत समाज आहे, तो म्हणजे सिद्दी. उत्तर कन्नडमधले यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, जोयडा हे भाग, बेळगाव जिल्ह्यातले खानापूर आणि धारवाडचा काही भाग ही त्यांची वस्ती. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कोकणीला जवळची बोली ते बोलतात, मराठी-कन्नडही बोलतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून घाटातल्या जंगलात आले. म्हणजे बिदरच्या हबशांशी त्यांचे रक्ताचे थेट नाते सांगता येत नाही, आणि ते ओढूनताणून सांगू नये. पण समुद्रापलीकडून विकत आणलेल्या माणसांचे वंशज म्हणून या इतिहासाबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांचा आहे. २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, २०२० मध्ये तो बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींनाही लागू झाला. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. त्या सभागृहात पोहोचलेले ते पहिले सिद्दी. सिद्दी बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून कवंद शिवतात, आपल्याकडच्या गोधडीची ती बहीण. ती आज परदेशातल्या कलादालनांत मांडली जाते. ज्या हातांची कला न्यूयॉर्कला पोहोचते, त्या हातांच्या मालकिणींना आपल्याच राज्यातल्या बिदरच्या इतिहासाबद्दल काय म्हणायचे आहे हे विचारले गेले पाहिजे. दुसरा हक्कदार समाज म्हणजे हबशी कोटाच्या पायथ्याशी आणि जुन्या बिदरच्या गल्ल्यांत राहणारी माणसे. कबरींच्या शेजारी ते राहतात, त्यांच्याबद्दलच्या आख्यायिका त्यांनी जपल्या आहेत. या दोघांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी एकत्र बसून ठरवलेली मांडणी म्हणजे माझ्या दृष्टीने समाजाने चालवलेले दालन.

चौथा आक्षेप दबक्या आवाजात मांडला जातो, पण सर्वांत जास्त अडथळा तोच करतो. बहमनी, निजामशाही, आदिलशाही ही मुसलमानी राज्ये. त्यांच्यातली गुलामगिरी दाखवली की आजच्या धार्मिक भांडणात एक नवे हत्यार दिल्यासारखे होईल, म्हणून विषयच नको, असे काहींना वाटते. गप्प राहिल्याने हत्यार नाहीसे होत नाही. त्याचा ताबा फक्त भांडणाऱ्यांकडे जातो. संपूर्ण पुरावा मांडला तर एकाच धर्माकडे बोट दाखवणे अशक्य होते. हबशाणात माणसे पकडणाऱ्यांत ख्रिस्ती राजेही होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोतेन या डच प्रवाशाने तिथल्या मुख्य रस्त्यावर रोज भरणाऱ्या लिलावात गुलाम विकले जातात असे लिहिले आहे, आणि तो बाजार ख्रिस्ती राज्यातला होता. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या नोंदी आहेत. विकत घेतलेल्या, व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा केलेल्या, किल्ल्यांवर, पागेत, कोठीत राबवलेल्या या बायका होत्या आणि त्यांचे मालक आमचेच होते. इंग्रजांनी १८३३ चा गाजलेला कायदा करताना ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. इथल्या गुलामीला कायद्याचे पाठबळ नाकारणारा कायदा १८४३ मध्ये आला आणि गुलाम बाळगणे गुन्हा ठरले ते १८६२ मध्ये दंडसंहिता लागू झाल्यावर. या साखळीत विकणारे, विकत घेणारे आणि डोळेझाक करणारे सर्व धर्मांचे आणि सर्व प्रांतांचे होते. हे सगळे एका दालनात आले तर कोणाच्याही हाती सोयीचे हत्यार उरत नाही.

ही दृष्टी बाहेरून आणलेली आहे असेही कोणी म्हणेल. मराठी वाचकाला तसे वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. सात समुद्रांपलीकडच्या गुलामीत त्यांना इथल्या शूद्रातिशूद्रांची स्थिती दिसली होती. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ज्याने सोसले त्याने आपली कैफियत स्वतः मांडावी, हा आग्रह आपल्या परंपरेतला आहे. आणि ज्या जिल्ह्याबद्दल आपण बोलत आहोत त्याच जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे बसवण्णांच्या अनुभव मंटपात चांभार, धोबी, नावाडी, दोर वळणारे असे श्रम करणारे लोक आपल्या तोंडाने बोलले आणि त्यांची वचने टिकली. वरून कोणी त्यांच्याबद्दल बोलत बसले नाही. बिदरच्या मातीला हा विचार परका नाही.

म्हणून प्रत्यक्षात काय व्हावे याबद्दल नेमके बोलले पाहिजे. हबशी कोटावर कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजीत फलक असावा; त्यात सरदारांची नावे असावीत, तशीच बाजाराची नोंदही असावी. किल्ल्यातल्या संग्रहालयात आणि कलबुर्गीच्या जुन्या घुमटांतल्या सरकारी संग्रहालयात तलवारी आणि नाण्यांच्या शेजारी घोडे, कापड आणि माणसे यांच्या व्यापाराचा नकाशा असावा. जौहर, मोहोरदार, दस्तूर दीनार आणि मलिक अंबर यांच्या हकिकती त्यांच्या बाजूनेही सांगाव्यात आणि जिथे पुरावा संपतो तिथे तो संपला असे फलकावरच लिहावे. दासींबद्दल, खोजांबद्दल, नाव न उरलेल्यांबद्दल जागा मोकळी सोडावी आणि ती मोकळी का आहे ते सांगावे. हबशी कोटावर खोदकाम किंवा दुरुस्ती करायची वेळ आली, तर न्यूयॉर्कसारखे आधी शेजाऱ्यांना आणि वंशजांना विचारावे. मांडणी ठरवणाऱ्या समितीत सिद्दी समाजाचे आणि बिदरच्या गल्ल्यांतले लोक बरोबरीने असावेत आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा, कारण सल्ला फुकट घेणे हीसुद्धा एक वेठ आहे. या कामाला फार मोठा खर्च नाही. पुरातत्त्व खात्याची परवानगी, विद्यापीठांतल्या इतिहास विभागांचा वेळ आणि स्थानिक नगरपालिकेची इच्छा एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथले आणि सीमेअलीकडचे उदगीर, देगलूर, अक्कलकोट इथले मराठी वाचक बिदर आणि गुलबर्ग्याला देवदर्शनाला, उरुसाला, बाजाराला, कोर्टकचेरीला जात-येत असतात. त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी मदरसा आणि किल्ला पाहून परत फिरू नका. हबशी कोटापर्यंत जा, सोबतच्या मुलांना ही माणसे कोठून आणि कशी आली ते सांगा, आणि तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला, संग्रहालयाच्या अधिकाऱ्याला इथला फलक कोण लिहिणार हे विचारा. हा प्रश्न जितक्या तोंडांनी विचारला जाईल तितक्या लवकर त्याला उत्तर मिळेल.